शेणपाणी, पेंड, जीवामृत देऊनही ऑर्किड पिवळंच? कुठे अडतंय ते असं शोधा

आधी लक्षणं बघा. यातली तीन-चार एकत्र दिसली तर दोष बहुधा तोच आहे, जो मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले आहे.

- खालची, जुनी पानं आधी पिवळी पडून गळतात. वरची पानं फिकट पोपटी दिसतात.
- या वर्षीची केन (डेंड्रोबियमसारख्या ऑर्किडचा उसासारखा दांडा) गेल्या वर्षीच्या केनपेक्षा बुटकी आणि बारीक आहे.
- दीड-दोन वर्षं फुलाची दांडी नाही. आली तरी तीन-चार कळ्या, त्यातल्या दोन गळतात.
- कुंडीला नाक लावलं की आंबूस वास येतो. पाणी घातलं की बारीक काळ्या माश्या उडतात.
- मूळ चिमटीत धरलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो.
- आणि हे सगळं असताना घरचे छातीठोकपणे सांगतात, "खत तर दर आठवड्याला देतो!"

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. चौदा वर्षं बाल्कनीत ऑर्किड लावते आहे. पावसाळा सरत आला, गणपती उठले, की ओळखीतल्या घरांतून या फोटोंची रांग लागते. नौपाडा, कोलशेत, मानपाडा, सगळीकडून. फोटो वेगळे, कहाणी तीच. कुंडीत नायट्रोजन भरपूर असतो, पण तो झाडाच्या तोंडी लागत नाही. का, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते आपोआप कळेल.

झाडावरचं झाड जेवतं कसं

आपल्याकडे झाडावर उगवलेल्या प्रत्येक गोष्टीला बांडगूळ म्हणायची सवय आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून त्याचा रस ओढतं. ऑर्किड तसं करत नाही. ते फक्त फांदीला धरून बसतं. मराठीत अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. त्यांना माती नाही, मग नायट्रोजन येतो कुठून? फांदीवरून ओघळणाऱ्या पावसातून, धुळीतून, कुजलेल्या पानांतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून, मेलेल्या किड्या-मुंग्यांतून. म्हणजे बराचसा सेंद्रियच. इथपर्यंत शेणपाणी देणाऱ्यांचं बरोबर आहे.

पण हा सेंद्रिय नायट्रोजन प्रथिनांच्या लांबलचक माळांत अडकलेला असतो आणि त्या माळा मुळाला अख्ख्या गिळता येत नाहीत. जिवाणू आणि बुरशा त्या तोडतात. आधी त्यांचे मणी म्हणजे अमिनो आम्लं सुटी होतात, मग अमोनियम, मग भरपूर हवा असेल तर नायट्रेट. झाडाला घेता येतात ते हे शेवटचे छोटे तुकडे. अमिनो आम्लं आणि युरियासारखे लहान सेंद्रिय रेणू काही अपिवनस्पती थेटही घेतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किड मुळांतून युरिया जसाच्या तसा शोषू शकतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण शेणातलं, पेंडीतलं प्रथिन? त्यासाठी मध्ये कुणीतरी राबावं लागतं.

जंगलात हे राबणारे कोण, ते बघण्यासारखं आहे. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर झाडांच्या खोडांवर बाशिंग नावाचं नेचं दिसेल. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक लांब, हिरवी. दुसरी बुंध्याशी चिकटलेली, कागदासारखी तपकिरी. ही तपकिरी पानं म्हणजे त्याची टोपली. वरून पडणारा पालापाचोळा त्यात अडकतो, तिथेच सावकाश कुजतो आणि नेच्याची मुळं त्यात पसरतात. बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये डिस्चिडिया मेजर ही वेल आपल्या पोकळ पानांत मुंग्यांना घर देते आणि त्याच पानात स्वतःची मुळं सोडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या वेलीच्या नायट्रोजनपैकी २९ टक्के मुंग्यांनी आणून टाकलेल्या केरकचऱ्यातून आल्याचं आढळलं. ऑर्किडच्या मुळांत तर बुरशीच राहते. ती बाहेरचं कुजकं पचवते आणि तिच्या गुंडाळ्या पचवून ऑर्किड आपला वाटा घेतं.

मूळ स्वतः काय करतं? ऑर्किडच्या हवेतल्या मुळाला बाहेरून व्हेलामेन नावाचं मेलेल्या पेशींचं, स्पंजासारखं अस्तर असतं. पाणी लागलं की काही सेकंदांत ते भरतं आणि कित्येक तास ओलं राहतं. गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी २०१३ साली दाखवलं की पावसाचं पहिलं पाणी, ज्यात फांदीवरची सगळी धुळवट पोषणं उतरलेली असतात, ते हे अस्तर पकडतं. त्यातले विद्युत् भार असलेले कण, जसं अमोनियम आणि नायट्रेट, ते धरून ठेवतं. भार नसलेले रेणू मात्र नंतरच्या पाण्याबरोबर परत निघून जातात.

म्हणजे या झाडाची जीवनपद्धती अशी: अन्न दुसरीकडे कुजतं, पातळ होऊन अंगावरून वाहत येतं, मूळ ते झटकन टिपतं आणि पुन्हा वाऱ्यावर सुकतं. आपण कुंडीत नेमकं उलटं करतो. कच्चं अन्न मुळाशी थापतो, ते मुळाशीच कुजतं आणि मूळ सुकायला वाव राहत नाही.

१. कुठलं पान पिवळं आहे? (खर्च शून्य)

नायट्रोजन झाडात फिरता असतो. कमी पडला की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपण खालून सुरू होतं. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा प्रश्न आहे, नायट्रोजनचा नाही. पानावर एकाच बाजूला, उन्हाकडे तोंड असलेल्या भागावर, पांढुरका कोरडा डाग असेल तर ते ऊन लागून भाजलं आहे.

डेंड्रोबियमची दोन-तीन वर्षांची जुनी केन पानं गाळतेच. ते वय झालं म्हणून. नवी केन जोमदार असेल तर काही करू नका.

पानं काळपट हिरवी, लांब, लोळणारी आणि फूल मात्र नाही, असं असेल तर उलट नायट्रोजन जास्त झाला आहे किंवा उजेड कमी आहे. अशांनी खत महिनाभर बंद करावं.

२. मूळ भिजवून बघा (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

ही तपासणी मला सगळ्यात प्रिय आहे. यात बहुतेक वेळा निकाल लागतो.

कुंडीबाहेर आलेलं एक कोरडं मूळ निवडा. ते चंदेरी-पांढरं, किंचित चुन्याच्या रंगाचं दिसेल. बोटाच्या टोकावर पाणी घेऊन त्यावर सोडा आणि जवळून बघत राहा. निरोगी मूळ डोळ्यांदेखत रंग बदलतं. थेंब जिथे टेकतो तिथून पांढरेपणा विरघळल्यासारखा जातो आणि आतला हिरवा उमटतो. अस्तर पाण्याने भरलं की पारदर्शक होतं, म्हणून आतलं हरितद्रव्य दिसतं. टोकाशी बोटाच्या पेराएवढा चकचकीत हिरवा किंवा जांभळट भाग असेल तर मूळ वाढतंय.

थेंब ओघळून गेला आणि रंग बदललाच नाही, तर त्या अस्तरावर काहीतरी बसलं आहे. शेणपाण्याचा थर, शेवाळ किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार. मूळ आधीच तपकिरी आणि मऊ असेल तर ते गेलं. आता कुठलंही खत घाला, ते टिपणारं कुणी नाही. अशा झाडाला खत देणं त्याच क्षणी थांबवा.

कोलशेतच्या एका काकूंकडे वांडा जातीचं ऑर्किड होतं, ग्रिलला टांगलेलं, मुळं दोन-दोन हात लांब. प्रेमाने त्या दर रविवारी मुळांना शेणाचा पातळ लेप लावायच्या, जसा तुळशीवृंदावनाला सारवण करतात तसा. मी थेंब टाकला तर तो लेपावरून पाऱ्यासारखा घरंगळला. आम्ही बादलीत साधं पाणी घेऊन जुन्या मऊ टूथब्रशने एकेक मूळ धुतलं. तासभर लागला. तिसऱ्या बादलीपर्यंत पाणी चहासारखं येत होतं. मग मुळं हिरवी झाली. काकूंना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्याभरात नवी टोकं फुटली आणि त्यांनीच मला फोटो पाठवला.

३. उजेड आणि वारा

खत वापरायला साखर लागते आणि साखर उजेडातून येते. समोर टॉवर, ग्रिलवर कबुतरांची जाळी, त्यावर धूळ, आत सरकत्या काचा. अशा बाल्कनीत झाडापर्यंत फार थोडा उजेड पोचतो. जाळी धुवा, कुंडी दीड फूट पुढे आणा. डेंड्रोबियम आणि वांडाला सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन हवंच. फॅलेनॉप्सिसला थेट ऊन नको, पण पुस्तक सहज वाचता येईल इतका उजेड हवा.

जाळीचा विषय निघालाच आहे तर, कबुतरांची विष्ठा खत म्हणून वापरू नका. तिच्यात नायट्रोजन आहे हे खरं, पण सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. ती ओली करून, मास्क लावून काढा आणि फेकून द्या.

४. पाणी मोजा (दोनशे-तीनशे रुपये)

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ऑनलाइन मिळतो. एकदा घ्या, सगळ्या सोसायटीला पुरेल. नळाचं पाणी धरणाचं असेल तर बहुधा चिंता नसते. टँकर आणि बोअरच्या पाण्याची खात्री नाही. खाडीलगत तर बोअरचं पाणी अनेकदा मचूळ लागतं. दोनशेच्या वर आकडा गेला की मी ते पाणी ऑर्किडला घालत नाही. ज्या मुळाची घडण जवळजवळ शुद्ध पावसासाठी झाली आहे, त्याला हे क्षार जाळतात, आणि वरून खताचेही क्षार पडतात.

एक चूक हमखास सापडते: आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी. वाया जाऊ नये म्हणून लोक ते झाडांना घालतात. मोठ्या झाडांचं ठीक आहे, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ऑर्किडला ते अजिबात नको. त्यापेक्षा जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरा.

५. कुंडीतला माल हुंगा

नारळाची सोडणं ओली दाबून बघा. बोटाला दाब द्यायला हवा. भिजलेल्या पावासारखी चेपली आणि धागे सुटे झाले, तर माल संपला आहे. ठाण्याच्या दमटपणात दोन पावसाळे काढले की बहुतेक सोडणांची ही गत होते.

इथे नायट्रोजनचे दोन घोटाळे होतात. पहिला नव्या सोडणांत. काथ्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असतो. तो कुजवायला आलेले जिवाणू स्वतःच्या अंगासाठी नायट्रोजन मागतात आणि तुम्ही घातलेलं खत झाडाच्या आधी तेच उचलतात. म्हणून नव्या कुंडीतलं झाडही काही काळ पिवळं दिसतं. दुसरा जुन्या, चिखल झालेल्या मालात. हवा कोंडली की अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू काम थांबवतात, कारण त्यांना प्राणवायू लागतो. पेंड कुजत राहते, अमोनियम साठत जातं आणि मुळं होरपळतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत नेमकं हेच होतं. आंबूस वास हा त्याचाच पुरावा.

६. जेवणाची तऱ्हा बदला

मुळं जिवंत आहेत, पाणी बरं आहे, माल घट्ट आहे आणि तरी पिवळेपण आहे, तर आता खताकडे या.

दुधाचं पाणी, तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी बंद. केळीच्या सालीत पोटॅशियम असतं, नायट्रोजन नावापुरता. तांदळाच्या धुवणातला स्टार्च बुरशीला आणि माश्यांना खाऊ घालतो.

आठ आठवडे पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ वापरून बघा. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून. चहाचा एक सपाट चमचा साधारण पाच ग्रॅम, म्हणजे त्यात दहा लिटर पाणी होतं. त्यातून लिटरला सुमारे ९५ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. चौथ्या आठवड्याला नुसत्या पाण्याने कुंडी धुवा. झाड सुधारलं तर कळलं की नायट्रोजनच पोचत नव्हता. हा माझ्यासाठी उपचारापेक्षा निदानाचा भाग आहे.

या खतात अर्ध्याहून थोडा जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. कुंडीत सोडणं ओली राहतात, तिथे युरिया थांबतो आणि हळूहळू त्याचं अमोनियम होतं. पण उघड्या मुळांच्या वांडावर भार नसलेला युरिया धरून ठेवायला काही नसतं. म्हणून वांडाला मी फवारा मारून सोडून देत नाही. बादलीत खताचं पाणी करून मुळं दहा मिनिटं बुडवते आणि त्यानंतर चार-पाच तास साधं पाणी मारत नाही.

ज्यांना रासायनिक खत नकोच आहे, त्यांच्या मताचा मला आदर आहे. सेंद्रिय देता येतं, फक्त कुजणं मुळापासून लांब व्हायला हवं. मूठभर नीमपेंड आणि गांडूळखत सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि ती झाडाच्या वीतभर वर टांगा. पाणी पुरचुंडीवर घाला. खाली जे ठिबकतं ते जंगलातल्या फांदीवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या जवळ जातं. दर दीड-दोन महिन्यांनी पुरचुंडी बदला, झडीच्या पावसात काढून ठेवा. गांडूळपाणी वापरायचं तर दुहेरी फडक्यातून गाळून वीसपट पाण्यात. मासळीचं अमिनो आम्ल (मासळी गुळात आंबवून केलेलं द्रव खत) लिटरला एक मिलि, त्याहून जास्त नाही. त्यातली सुटी अमिनो आम्लं मुळाला लगेच उपयोगी पडू शकतात, बाकीचं कुजायला वेळ लागतो.

स्टॅगहॉर्न फर्न हे नेचं मात्र बाशिंगासारखंच टोपलीवालं आहे. त्याच्या ढालीसारख्या पानामागे मूठभर सुका पाला किंवा दूध-साखर नसलेली धुतलेली चहापत्ती टाकलीत तर ते आनंदाने घेतं. ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं झाड) असेल तर त्याच्या पानांच्या पेल्यात चार सुकी पानं पडली तर राहू द्या, ती तिथे कुजून पानांवाटे शोषली जातात. पण पेल्यातलं पाणी दर आठवड्याला ओतून नवं भरा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

७. कुंडी बदला (सगळ्यात शेवटी)

हे शेवटी ठेवलं, कारण प्रत्येक पुनर्लागवडीत चांगली मुळंही मोडतात. नवी मुळं फुटायला लागली की करा, फुलं असताना नको. नवी सोडणं चोवीस तास भिजवा, दोन-तीनदा पाणी बदला, कारण त्यात मीठ असतं. त्यात निम्मा लाकडी कोळसा आणि विटेचे तुकडे मिसळा. कात्री ज्योतीवर तापवून घ्या, प्रत्येक झाडासाठी पुन्हा. मऊ मुळं कापा, कापलेल्या तोंडावर दालचिनीची पूड लावा, निरोगी मुळांना ती लागू देऊ नका. केन काठीला बांधा, हलली की नवी टोकं घासून मरतात. नवी मुळं दोन-तीन सेंटिमीटर होईपर्यंत खत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पानाच्या बुडाशी पाणी भरल्यासारखा, काळपट, दुर्गंधी येणारा डाग असेल आणि सकाळचा डाग संध्याकाळपर्यंत वाढला असेल, तर हा जिवाणूंचा कुजवा आहे. झाड लगेच वेगळं करा. शेजारच्या झाडांना तीच कात्री लावू नका. खताचा इथे काही संबंध नाही.

पानावर पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी किंवा खोलगट काळ्या रेघा, फुलाच्या रंगात तुटक पट्टे, हे विषाणूचं लक्षण असू शकतं. त्याला घरगुती औषध नाही आणि डोळ्यांनी खात्रीही होत नाही. प्रयोगशाळेतच कळतं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा तालुका कृषी कार्यालय इथे चौकशी करा, योग्य ठिकाण ते सांगतील.

वरचे सगळे टप्पे करून तीन महिने झाले आणि नवं मूळ एकही नाही, तरी जाणकार रोपवाटिकेला दाखवा. बंद बाल्कनीत, घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असताना, दुकानदाराने दिलेलं कीटकनाशक स्वतः फवारू नका. आणि ग्रिलच्या बाहेर टांगलेलं जड झाड उतरवायचं असेल तर सोसायटीतून माणूस बोलवा, स्टुलावर चढून वाकू नका.

जी पानं पिवळी झाली ती परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून उपचार बदलू नका. मुळांच्या टोकांकडे बघा. उपाय लागू पडला तर तीन-चार आठवड्यांत हिरवं टोक दिसतं. केनची जाडी मात्र पुढच्या पावसाळ्यातच कळते.